शून्याने गुणलेलं पत्र

विनीताबाई मालवणच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. संभाव्यतेचा धडा मुलांना रुक्ष वाटू नये म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून स्वतःच्याच ईमेलला जोडला होता. नकोशी पत्रं कोणती हे बाईंनी दाखवायचं. मग एकेक शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो आणि कामाच्या पत्रांत किती, हे तो मोजायचा. नवं पत्र आलं की शब्दाशब्दाची शक्यता गुणत जायचा आणि ठरवायचा, ठेवायचं की कचऱ्यात टाकायचं. महिन्याभरानं कचरा पुसला जाई.

धाकटी बहीण रसिका मस्कतला. आई गेली तेव्हा ती आली नाही, म्हणून बाईंनी तिचा नंबरच ब्लॉक केला. सहा वर्षं अबोला.

फेब्रुवारीत रसिकाची मुलगी संचिता दारात उभी राहिली. रसिका पंधरा दिवसांपूर्वी कॅन्सरनं गेली होती.

"मावशे, आयेन तुका तीन मेल केल्यान. एकाचोय जबाब दिलंस नाय. इतको राग?"

"माका एकव मेळाक नाय गो!"

दोन पुसले गेले होते. तिसरा कचऱ्यात सापडला. 'ताई, तुझी खूप आठवण येते. राग सोड.'

"ह्यो कचरो कसो?" संचितानं विचारलं.

बाई वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. दुसरा आवाज त्यांना सापडेना. 'आठवण' हा शब्द नकोशा पत्रांत एकेचाळीस वेळा, अनोळखी बायकांच्या नावानं येणाऱ्या खोट्या प्रेमपत्रांत. कामाच्या पत्रांत शून्य. पेपर तपासणीच्या परिपत्रकात कोण कोणाची आठवण काढणार? आणि शून्यानं गुणलं की सगळंच शून्य, पत्र कामाचं असण्याची शक्यताच उरत नाही. 'जे अजून दिसलं नाही ते अशक्य धरू नका, प्रत्येक मोजणीत एक मिळवा,' असं त्या दरवर्षी फळ्यावर लिहायच्या. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये तेवढं करायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे चूक मशीनची," संचिता हळूच म्हणाली.

"नाय गो. त्याका मीच शिकवलंय."

पुढचं त्यांना वाचवेना. संचितानं वाचलं, 'शुक्रवारी ऑपरेशन आहे. त्याआधी एकदा बोल.'

तो शुक्रवार बाईंना लख्ख आठवला. मुलांची सहल घेऊन त्या कुणकेश्वरला गेल्या होत्या. किनाऱ्यावर मुलांनी त्यांचा हसतानाचा फोटो काढला होता.

संचिता दोन दिवस राहिली. सोमवारी बस सुटेपर्यंत बाई तिच्या खिडकीखाली उभ्या होत्या.