लाल गालिच्याचा रॅम्प

कॉलेजने तिला फसवलं, आणि फसवायला माल माझा वापरला.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं टेंट हाऊस आहे. हल्लीच्या नवरदेवांना घोडीसकट स्टेजवर जायचं असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यासाठी मी लाकडी रॅम्प करवून घेतला होता. वर लाल गालिचा, कडेला गुलाबी झालर. कॉलेजात अपंगांच्या सोयी तपासणारं पथक येणार होतं. प्राचार्यांनी तो एका दिवसासाठी भाड्याने नेला. मला म्हणाले, "छोटा-सा फंक्शन है."

ती बी.ए.ला होती. राजेगावची, व्हीलचेअरवर यायची. वर्गातली पोरं तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेत. पोरं आली नाहीत की तिचा वर्ग बुडायचा. त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःच्या हाताने चाकं फिरवत वर गेली. पथकाने फोटो काढले आणि नाश्ता करून ते निघून गेलं.

दुपारी मी हातगाडी घेऊन गेलो, तर ही बया रॅम्पच्या मधोमध ब्रेक लावून बसलेली.

"काका, हा नेला, तं उद्या मी कशी येऊ?"

"ते तुझं तू बघ. उद्या लग्न आहे. घोडी चढवायची आहे."

"घोडीले पाय हायेत. थे पायऱ्या चढते. मले चाकं हायेत."

मी तोंडाला येईल ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता कायदा ऐका."

हे तिचं ठरलेलं वाक्य. बसचा कंडक्टर असो की प्राध्यापक, आवाज चढला की हेच. मग सावकाश सांगायची, की वर्गापर्यंत जाता येणं हा तिचा हक्क आहे, कॉलेजची मेहरबानी नाही.

प्राचार्य धावत आले. "बेटा, नीचे लायब्ररी में बैठ जाया करो. नोट्स मिल जाएंगे."

"नोट्सच पायजे असते तं घरीच बसली असती, सर."

वधूपित्यांशी घासाघीस करण्यात माझी हयात गेली आहे. मी मधला भाव काढला. "लग्नाच्या तारखा सोडून बाकी दिवस इथेच ठेवतो."

"लग्नाच्या दिवशी वर्ग बंद राह्यते का?"

शेवटी प्राचार्यांनी सर्वांदेखत कबूल केलं, लवकरच पक्का रॅम्प बांधू, तोवर हाच राहील. मी रिकामी हातगाडी ढकलत परत आलो.

दुसऱ्या दिवशी लग्नात घोडी काही केल्या स्टेजच्या पायऱ्या चढेना. नवरदेव पायी गेला, शिव्या मी खाल्ल्या. तिला हे सांगितलं, तर हसून म्हणाली, "म्हणजे घोडीलेही रॅम्प लागते. आता समजलं तुमाले?"

बी.ए. होऊन ती वकिली शिकायला जबलपूरला गेली. जाताना झालरीवरून हात फिरवत म्हणाली, "काका, हा कोणाले उचलू देऊ नका."

मी म्हटलं, "हौ."

पक्का रॅम्प अजून झालेला नाही. माझ्याच रॅम्पवर कॉलेजने स्वतःचं नाव मात्र रंगवलं. पुढे फळ्या सडल्या आणि परवा त्यांनी तो मोडून टाकला. यंदा पहिल्या वर्षाला व्हीलचेअरवरची आणखी एक मुलगी आली आहे. कालपासून पायऱ्यांखाली थांबून ती उचलणारी पोरं शोधते आहे.

म्हणून आज सकाळपासून माझी हातगाडी प्राचार्यांच्या मोटारीसमोर आडवी उभी आहे. चाकांना विटा लावल्या आहेत. साहेब, पक्का रॅम्प कुठे आहे? तुम्ही खाली या आणि त्या मुलीसमोर सांगा. मग हातगाडी काढतो.