दुसरा सवार

इंदुरात कुणाचं खरं मत हवं असेल तर त्याला आधी खाऊ घालू नये, ही अक्कल यायला मला दीड वर्ष लागलं. आलीही नसती, पण एका रविवारी पोहेवाल्याचा गॅस संपला.

तुकोगंजात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही कॉम्प्युटरवरचे लढायांचे खेळ बनवतो: फौजा, नकाशे, रसद, डावपेच. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला दोस्त. खेळाचे नियम मी रचायचे आणि ते मशीनच्या गळी त्याने उतरवायचे. तो पक्का माळव्याचा, समोर येईल त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो. मी बाई आहे ही गोष्ट त्याने आजवर मनावर घेतलेली नाही.

पहिला खेळ आम्ही दोघांनीच उरकला होता. त्यात फौजा म्हणजे नुसते रंगीत त्रिकोण. दुसऱ्याच्या वेळी मला एक कल्पना सुचली, आणि ती अजूनही मला माझी सगळ्यात चांगली कल्पना वाटते. असल्या खेळांत खेळणारा बहुतेक वेळा आभाळातून सगळं बघत असतो, बोट दाबलं की पलटण चालायला लागते. माझा सेनापती तंबूत बसणार होता. लढाई त्याला दिसणारच नाही. हुकूम घेऊन सवार जाणार, जायला वेळ लागणार, आणि तिकडे काय झालं ते सवार परत आला तरच कळणार. दोस्ताने ते ऐकलं आणि त्याच दिवशी कामाला लागला; पहिल्या कच्च्या खेळात फौजा आणि सवार अजून त्रिकोणच होते.

पण खेळ मोठा करायचा तर पैसे लावणारा लागतो, आणि पैसे लावणाऱ्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं. आम्हाला भेटलेले गृहस्थ सज्जन होते. त्रिकोण आजकाल कोण बघतं, एवढंच म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. परदेशात एकेका खेळावर शेकडो माणसं राबतात आणि गिऱ्हाईक आमचा खेळ त्यांच्याच शेजारी ठेवून बघतं. म्हणून आम्ही एक डोंगर केला. डोंगराला सावली हवी, सावलीला सूर्य हवा, सूर्य आला की संध्याकाळ हवी. मग घोडे आले. घोड्यांचे पाय जमिनीवरून घसरताहेत असं वाटायचं, ते सुधारायला एक मुलगी घेतली. टापांखालची धूळ उडवायला आणखी एक जण. बघता बघता ऑफिसात दोनाची अकरा माणसं झाली. घोड्याच्या नुसत्या चालीवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात आमचा पहिला खेळ अख्खा झाला होता.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. एवढे महागाचे घोडे करायचे आणि खेळणाऱ्याने ते बघायचेच नाहीत? मग तंबूचा पडदा उघडला, लढाई दिसू लागली. लढाई डोळ्यांसमोर असताना सवाराची वाट बघत कोण बसेल, म्हणून हुकूम ताबडतोब पोहोचायला लागले. सवाराला काढायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. झालेल्या खर्चानेच त्याला दाराबाहेर नेऊन सोडलं. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, मग बोलायला लागले. अकरा जणांचे पगार होते.

शिवाय रविवारची माणसं खूश होती. दर रविवारी सकाळी आठ-दहा जण खेळ चाखून बघायला येत. आले की आधी पोहे, वर शेव, सोबत जिलबी, मग खेळ, आणि शेवटी एका कागदावर मत लिहायचं. मत एकच यायचं: बढ़िया. ते कागद आम्ही त्या सज्जन गृहस्थांना पाठवायचो आणि आणखी एक डोंगर करायला घ्यायचो. इंदुरी माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, यजमानाच्या खेळाला नावं ठेवत नाही, हे इथेच जन्मलेले आम्ही दोघं साफ विसरलो होतो.

त्या रविवारी अकरा वाजले तरी पोहे येईनात. माणसं उपाशी खेळली आणि उपाशीच कागद घेऊन बसली. त्यातल्या एकाने पेन ठेवलं आणि सरळ विचारलं, "घोड़े तो गजब हैं भिया, पर अपन को करना क्या है?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरात खेळ बाजारात जायचा होता आणि त्यात आमचं असं काहीच उरलं नव्हतं. मला रडू आलं, आणि राग आला तो स्वतःचाच.

माझे बाबा तिथेच होते. सैन्यातून निवृत्त होऊन ते इथून जवळच, महूच्या छावणीपाशी राहिले आणि अधूनमधून रविवारी मला भेटायला येतात. संदेश पोहोचवणाऱ्या तुकडीत त्यांची सगळी नोकरी झाली, त्याबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. माझं तोंड बघून त्यांनी विषय बदलला. तो सवारवाला जुना खेळ आहे का अजून, असं विचारलं. मी कोपऱ्यातल्या मशीनवर त्रिकोण उघडून दिले.

बाबांनी एका पलटणीला नदी ओलांडायचा हुकूम दिला. सवार निघाला. थोड्या वेळाने दुसरीकडून खबर आली की नदीला पाणी चढतंय. बाबांनी घाईघाईने दुसरा सवार पाठवला, पलटणीला थांबवायला. मग पडद्यावर काहीच होईना, तंबू आणि कोरा नकाशा.

तेवढ्यात पोहे आले. सगळे उठले. मी बाबांना हाक मारली, ते जागचे हलले नाहीत.

"बेटा, दुसरा सवार वेळेवर पोहोचेल का?"

मी म्हटलं, तो परत आल्याशिवाय कळणार नाही.

"मग रुक जरा. माझी माणसं आहेत तिकडे."

दोस्त प्लेट घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. त्याची नजर त्या कोऱ्या नकाशावर होती. मग न खाताच प्लेट खाली ठेवून मला म्हणाला, "कल पैसेवाले साहब को फोन मैं करूँगा भिया. घोड़े हटा रहे हैं."

घोडे करणारी मुलगी शेजारीच होती. तिने ते ऐकलं, पण तीही नकाशाकडेच बघत होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर बाबांनी मागे न वळता हात वर करून मला गप्प केलं. नदीच्या बाजूने एका सवाराचा त्रिकोण परत येत होता.