दादाची हत्यारं पाहायला पिंपरीपर्यंत

बासष्ट सालच्या खंडेनवमीला आम्ही तिघं आकुर्डीत, दादाच्या खोलीबाहेरच्या शहाबादी फरशीवर बसलो होतो. दादा रॉकेलनं हत्यारं घासत होता. मी ऑइलकॅन हातात धरून त्याच्या "हं"ची वाट पाहत होते. "हं" म्हटलं की एक थेंब, जास्त नाही. आणि सहा वर्षांची नीला फरशीवर सांडलेल्या काळ्या तेलात बोट बुडवून काहीतरी काढत होती. बहुधा कोंबडी. "ऊठ, फ्रॉक खराब होईल," म्हणून दादानं तिला उठवलं आणि बनियनच्या चिंधीनं ती कोंबडी पुसून टाकली. एवढंच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि एकोणीस वर्षांत मला ते कधी आठवलंही नव्हतं.

या नवरात्राच्या तोंडावर नीलाचं पत्र आलं, तेव्हा आठवलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळा सोडून वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आणि मी मात्र कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये मॅट्रिकपर्यंत शिकले. पुढे तो आकुर्डीच्या एका कंपनीत फिटर झाला आणि गेल्या वर्षी रिटायर झाला. नीला त्याची एकुलती एक. मुंबईत चित्रकला शिकली, आता चिंचवडला एक खोली भाड्यानं घेऊन तिथेच राहते आणि काम करते. पत्रात लिहिलं होतं: "आत्या, पिंपरीला नगरपालिकेच्या संग्रहालयात आजच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलंय. त्यात माझं एक काम आहे. बाबा श्रावणापासून माझ्याशी बोलत नाहीत. तू त्यांना घेऊन येशील? तुझं ऐकतात."

न बोलण्याचं कारण मला वहिनीनं आधीच कळवलं होतं. दादाची हत्यारांची एक पेटी होती, कंपनीची नव्हे, त्याची स्वतःची. नीलानं मागितली तेव्हा त्यानं आनंदानं दिली. पोरीला आपल्या कामाची किंमत आहे, असं चार जणांना सांगितलंही. नीलानं ती पेटी नेऊन गच्चीवर उघडी ठेवली. अख्खा पावसाळा. श्रावणात दादा तिच्या खोलीवर गेला, तेव्हा त्यानं ते पाहिलं. मग ती गंजलेली हत्यारं प्रदर्शनात मांडली.

मी साताऱ्याहून निघाले. तुम्हीही जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा, खंबाटकी घाटात धुकं सापडतं. गाडी शिरवळला थांबते. तिथला वडा गरम असतो, चहा मात्र पुण्यातच प्यावा. स्वारगेटहून स्टेशनला आणि स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल. दुपारच्या गाडीत ऐसपैस जागा मिळते. तिकीट दोन कप चहाच्या किमतीतलं. दापोडी गेलं की उजव्या-डाव्या हाताला कारखान्यांची पत्र्याची छपरं सुरू होतात, मध्येच एखादं बाजरीचं रान. बासष्टमध्ये हे उलटं होतं, सगळं रान आणि मध्येच एखादं छप्पर.

दादा आकुर्डीच्या स्टेशनवर आला होता. वाळला होता. माझी पिशवी काढून घेत म्हणाला, "सुमे, तू कशाला आलीस ते मला ठाऊक आहे. मी येणार नाही."

"बरं," मी म्हटलं. "दसऱ्याला भावाकडे आले. तेवढ्यावर जेवायला मिळेल का?"

"ते हिला विचार."

वहिनीनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. दादा शतपावलीला बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वन्सं, मी दोनदा जाऊन आले. भाजी आणायला म्हणून गेले नि पाहून आले. काय वाटलं विचाराल तर सांगता येणार नाही. पण त्यापुढे उभी राहिले नि वर्षभर हे कसे बसून असतात तेच दिसलं मला. यांना सांगू नका हं."

"दादाला काय त्रास होतो यातला? पेटी दिली म्हणजे दिली."

"तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या," वहिनी म्हणाली. "अहो, हत्याराला गंज चढू दिला तर कंपनीत मेमो मिळायचा. छत्तीस वर्षं त्यांनी एक ठिपका पडू दिला नाही. आता त्यांचंच नाव लावून गंज मांडलाय, चार माणसं पाहून जाताहेत."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी वहिनीनं पाट मांडला. त्यावर शिवणयंत्राचं चाक, विळी, कात्री, माझं फाउंटन पेनसुद्धा. दादा आतून आला आणि त्यानं पाटावर एकच वस्तू ठेवली, तो जुना ऑइलकॅन. लांब नळीचा, बुडाला चेपलेला. पेटीत बसत नसे म्हणून घरी राहिलेला. पूजा झाली. प्रसादाचा केळ्याचा तुकडा तोंडात टाकून दादा एकदम म्हणाला, "झेंडू आणायचाय उद्यासाठी. पिंपरीच्या मंडईत स्वस्त मिळतो."

"अहो, आकुर्डीत काय कमी..." वहिनीनं सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहून थांबली.

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला. झेंडू आणायला इस्त्रीचा शर्ट! खांद्याला कापडी पिशवी लावली. मी चपला चढवून दारात जाऊन उभी राहिले, त्यानं नको म्हटलं नाही.

हायवेच्या बसनं जाताना खिडकीची जागा मिळवाच, विशेषतः या दिवशी. एकेका कंपनीच्या गेटला केळीचे खुंट, ट्रकच्या टपावर झेंडूच्या माळा, आणि नवी पातळं नेसलेल्या बायका मुलांना घेऊन नवऱ्यांची मशीनं पाहायला निघालेल्या. वर्षातून हा एक दिवस घरच्यांना आत सोडतात. दादाच्या कंपनीचं गेट आलं तेव्हा तो दुसऱ्या बाजूला पाहत होता.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेची कौलारू इमारत. प्रवेश फुकट, सोमवारी बंद, चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे फार चांगल्या घालून जाऊ नका. तीन वर्ग, तीन दालनं. पहिल्यात चित्रं आहेत. एका मोठ्या कॅनव्हासवर नुसता राखाडी रंग, नीट पाहिलं की त्यात एक धुराडं आणि धुराड्यापेक्षा फिकट एक म्हैस. मला फार आवडलं. दुसऱ्यात सिमेंटची रिकामी पोती शिवून केलेली गोधडी टांगली आहे, जाऊन हात लावावासा वाटतो. सिस्टर शिकवायच्या, म्युझियममध्ये हात पाठीमागे. मी या वयातही पाठीमागे हात धरून उभी होते. अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलंय, "समजले नाही. पुन्हा येईन." यापेक्षा चांगला अभिप्राय मला सुचला नाही, म्हणून मी त्याखाली सही केली.

दादा पहिल्या दोन दालनांतून कंपनीत राउंडला निघालेल्या साहेबासारखा भरभर गेला. तिसऱ्याच्या दारात थांबला.

मध्यभागी पांढरा रंग दिलेला लाकडी चौथरा. त्यावर पेटी उघडी, आणि हत्यारं ओळीनं मांडलेली, दादा मांडायचा त्याच क्रमानं. कानशी, हातोडी, बारीक मापं वाचायचा व्हर्निअर, छिन्न्या आणि शेवटी गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी हत्यार, इंग्रजी एल अक्षरासारखं. हा दादानं शिकाऊ असताना कित्येक आठवडे कानशीनं घासून स्वतः बनवलेला. सगळं विटकरी, पापुद्रे सुटलेलं. कार्डावर फक्त दोन शब्द, "बाबांची शिफ्ट".

आणि त्या सगळ्यावर हळद-कुंकू. प्रत्येक हत्यारावर एक बोट, आणि गुण्यावर झेंडूचं फूल.

"हे कुणी केलं?" दादानं विचारलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून पहारेकरी उठला. तापकीर त्याचं नाव, चिंचवड गावठाणातला, पिकल्या मिश्यांचा. "म्या केलं. का वो? आज नवमी न्हाई व्हय? हत्यारं मांडल्याली दिसली, म्हनलं नगरपालिकेनं पूजेलाच मांडली असत्याल, पर फूल वाह्यला कुनी न्हाई."

"अहो, गंजलेल्या हत्याराची पूजा करतात का?" दादाचा आवाज चढला. "आधी घासायची, मग तेलाचा हात द्यायचा, मग कुंकू! तुमच्या घरी नांगराला चिखलासकट पूजता?"

"न्हाई," तापकीर ओशाळला. "धुऊन पूजतो."

"मग?"

दादानं पिशवीतून वर्तमानपत्र काढून फरशीवर पसरलं. मग पॉलिशपेपरचा तुकडा निघाला, बनियनच्या चिंध्या निघाल्या, आणि सगळ्यात शेवटी ऑइलकॅन. सकाळचं कुंकू अजून त्यावर ओलं होतं. तेव्हा मला कळलं, हा झेंडू आणायला निघालेलाच नव्हता.

"साह्येब, हात नगा लावू! माजी नोकरी जाईल!" तापकीर पुढे झाला तोवर दादानं गुण्या उचलून घेतला होता.

मी काय करायला हवं होतं? लेकीचं काम बाप पुसत होता. थांबवलं तर त्या दोघांत उरलेलंही तुटेल, न थांबवलं तर तिचं काम जाईल. मी तापकीरला म्हटलं, "मामा, दोन मिनिटं." आणि मी दादासमोर फरशीवर बसून ऑइलकॅन उचलला. गुडघे कुरकुरले. दादानं मान वर न करता "हं" म्हटलं. मी एक थेंब टाकला.

नीला रोजच्या फेरीला आली तेव्हा गुण्याची एक बाजू उजळली होती. ती दारात उभी. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

"बाबा," ती म्हणाली.

दादाचा हात थांबला नाही. "खड्डे पडलेत याला. ते आता जाणार नाहीत."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर ठेवलास कशाला पावसात?"

"तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी पेटी कॉटखाली सरकवलीत. वर्षभर उघडली नाहीत. मी येऊन बसले तरी तुम्ही भिंतीकडे पाहायचात. ते मला तुम्हाला सांगता येत नव्हतं, बाबा. म्हणून मांडलं."

दादा बराच वेळ घासत राहिला. मग त्यानं गुण्या चिंधीनं पुसला, खिडकीपाशी नेला आणि काचेच्या चौकटीला लावून एक डोळा मिटून पाहिला. गुण्या आणि चौकट यांच्यामधून उजेड आला तर काटकोन गेला, नाही आला तर शाबूत. आम्ही तिघंही खिडकीपाशी सरकलो, तापकीरसुद्धा.

"उजेड नाही," दादा म्हणाला. मग वळून त्यानं तोच गुण्या चौथऱ्याच्या कोपऱ्याला लावला. "हा ठोकळा मात्र वाकडा आहे. कुणी केला?"

"मीच ठोकला," नीला म्हणाली.

"दिसतंच आहे."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बाबा, हा एकच घासा. बाकीची राहू द्या. प्रदर्शन दिवाळीपर्यंत आहे."

"दिवाळीपर्यंत बाकीची तुझी," दादा म्हणाला. त्यानं चकाकणारा गुण्या गंजलेल्या ओळीत त्याच्या जागी ठेवला आणि फूल उचलून परत त्यावर वाहिलं. फरशीवर तेल सांडलं होतं. मी पुसायला चिंधी घेतली, तर दादानं माझा हात धरला. "राहू दे," म्हणाला. "तिला काही काढायचं असेल."

म्हणजे त्यालाही आठवत होतं.

दसऱ्याला नीला घरी सोनं द्यायला आली आणि रात्रीचं जेवून गेली. चौथऱ्यावरून बाप-लेकीत पुन्हा वाजलं. दादाचं म्हणणं, तो ठोकळा सुटा करून तो स्वतः पुन्हा ठोकेल. तिचं म्हणणं, राहू दे वाकडा. मी आणि वहिनी आत बसून ऐकत होतो आणि सुखानं पोळ्या लाटत होतो.

आता मी साताऱ्याला परत आले आहे. उशिरा पोचले, एसटी घाटात तापली होती. तुम्ही गेलात तर तिसऱ्या दालनात गंजलेल्या ओळीत एकटा गुण्या लखलखीत दिसेल; चूक नाही ती. तापकीरमामांना विचारा, ते सगळी हकीकत सांगतात आणि दर खेपेला त्यांचं कुंकू थोडं मोठं होतं. मी काय घेऊन आले, असं विचाराल तर साडीच्या पदराला तेलाचा एक डाग आहे. धुतला नाही.

काल दादाचं कार्ड आलं. त्याचं अक्षर ड्रॉइंगवरच्या सूचनांसारखं असतं, तसंच उतरवते.

"चि. सुमन, प्रदर्शन उतरले की पेटीचे असे करायचे. व्हर्निअर माझ्या शेजारच्या मशीनवरच्या साळव्यांना. गंजला तरी त्यांना वाचता येईल. हातोडी तापकीरांना, संग्रहालयाच्या दाराचा कोयंडा निसटला आहे. कानशी आणि छिन्न्या कंपनीतल्या शिकाऊंना, त्यांनी आधी गंज काढायला शिकावे. रिकामी पेटी हिला, लोकर ठेवायला. केव्हाची मागते आहे. गुण्या नीलाला. घासायचा की गंजू द्यायचा, ते तिने ठरवावे, मी विचारणार नाही. ऑइलकॅन तुला. एका वेळी एकच थेंब."