साहसकथेतली रोवणारी बाई

लहानपणी वाचलेल्या एका साहसी चित्रकथा-मालिकेतला नायक मला कधीच आवडला नाही. दरीत पडून वर आला तरी त्याचा भांग जागच्या जागी. आवडायची ती त्याच्या आजूबाजूची माणसं. कुठलंही संकट आलं की आधी डबा उघडणारा जीपवाला, आणि रजा संपली म्हणून जंगलभर कुरकुरणारा कंपाउंडर. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर जुने अंक मिळायचे. नायकाची पानं मी भराभर उलटायची आणि या दोघांपाशी थांबायची.

आज त्याच मालिकेची चित्रं मी काढते, कोंढ्याला घरी बसून, टॅबवर. हे सांगताना माझी मान ताठ होते, तर होऊ द्या. तीन अंकांपूर्वी लेखकाच्या मागे लागून मी मालिकेत एक नवी बाई आणली. धानाच्या शेतात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणारी आणि अडल्यावेळी नायकाला वाट दाखवणारी. संपादकांना ती पटेना.

"शेतातली बाई साहसात काय करणार?" ते फोनवर म्हणाले. "या अंकात तिनं काही करून दाखवलं तर ठीक. नाहीतर पुढे ती नको."

या अंकाची कथा अशी होती: पुरात धुरे, म्हणजे धानाच्या बांध्यांमधले मातीचे बांध, बुडालेले, मागे बंदूकवाले, आणि बाईनं नायकाला त्या पाण्यातून बाहेर काढायचं. मी पान काढलं. बाई पुढे धावतेय, नायक तिच्या मागे. पान मायला दाखवलं. माय लग्नाआधीपासून रोवण्याला जाते. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

"हे कोन होय?"

"रोवणारी बाई."

"मंग पुढं काहून पळून राहिली? रोवणारी मांगं मांगं जाते. पुढं गेली त आपनच रोवलेले पऱ्हे तुडवते."

"माय, ती रोवत नाही आता. जीव वाचवून राहिली."

"वाचवू दे ना. पण पायाले सवय कायची आहे तिच्या?"

माय उठली. माझे दोन्ही हात धरले आणि मला ओढत अंगणभर उलट्या पावलांनी मागे मागे चालू लागली. खाट आली, बकरीचा खुंटा आला, ओट्याची पायरी आली. एकदाही वळून पाहिलं नाही, एकदाही अडखळली नाही. "धुरा पान्यात दिसत नाई," ती म्हणाली, "टाचेले समजते." तिची नजर सगळा वेळ माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धान खाऊन वाढलेली मी, आणि एवढं कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला.

पान पुन्हा काढलं. बाईनं नायकाचे दोन्ही हात धरलेत, ती पाण्यात मागे मागे जातेय, टाचेनं बुडालेला धुरा शोधतेय. डोळे बंदूकवाल्यांवर आहेत. खाली वाक म्हटलं की नायक वाकतो. दुसरं काही काम त्याला ठेवलंच नाही मी.

चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. पान त्यांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं होतं. "ही बाई आता कायमची," ते म्हणाले. कोणाला सुचलं हे, असंही विचारलं. "माझ्या मायला," मी सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं.

मायला सांगायला गेले तेव्हा ती रोवण्याला निघाली होती, भाकर बांधत होती. बाई मालिकेत राहिली हे ऐकून तिला काही नवल वाटलं नाही.

"राहणारच ना," माय म्हणाली. "तिले काढलं त रोवणा कोन करन?"