पानिपतची कट्यार आणि अक्कांचं लिंबू

दिल्लीत म्युझियमं भरपूर आहेत, कारण दिल्लीत मारामाऱ्या भरपूर झाल्या. जो आला त्याने आधीच्याचं पाडलं, स्वतःचं बांधलं. मग त्याचंही कुणीतरी येऊन पाडलं. एवढं सगळं होऊन जे उरलं, ते आता आपण तिकीट काढून बघतो. तलवारी आहेत, नाणी आहेत, पुढाऱ्यांचे चष्मे आणि चपला आहेत, आगगाडीची इंजिनं आहेत, बाहुल्या आहेत. शौचालयांचंसुद्धा एक म्युझियम आहे. (हसू नका. गावाकडच्या पाहुण्यांना तेच सगळ्यात जास्त आवडतं आणि घरी गेल्यावर तेवढंच लक्षात राहतं.)

आम्ही राहतो लक्ष्मीबाई नगरात, ह्यांना मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये. महाराष्ट्रातून कुणीही दिल्लीला आलं की आमच्याकडे उतरतं, आणि उतरलं की मी त्याला म्युझियमला नेते. मला इतिहास फार येतो असं नाही, पण सांगता फार छान येतो. काचेमागची पाटी वाचायची म्हणजे पर्समधून चष्मा शोधा, तो पुसा, वाका. त्यापेक्षा मनाने सांगितलेलं बरं पडतं. "ही तलवार कुणाची?" असं पाहुण्याने विचारलं की मी "आपलीच" म्हणते. पाहुणे खूश होतात, आणि ज्याची तलवार आहे तो काही तक्रार करायला येत नाही.

ह्या सगळ्या इतिहासात माझा हुकमी एक्का म्हणजे आमच्या सासरची कट्यार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवघरात ती लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. माझे सासरे, अप्पा, सांगायचे, "ही पानिपतावर लढली, असं म्हणतात." त्यातलं "असं म्हणतात" मी लग्नानंतर वर्षभरातच काढून टाकलं. पात्यावर काळपट-तांबूस डाग आहेत, ते शत्रूच्या रक्ताचे. दिल्लीत कुणी आपल्या खानदानाच्या गोष्टी सांगायला लागलं की मी शांतपणे चहा संपवायची आणि कट्यार काढायची. तोंडी, अर्थात.

गेल्या हिवाळ्यात ती खरोखरीच दिल्लीला आली. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा सागर फौजेत आहे, पोस्टिंग दिल्ली कँटला. मुलगीही कँटमधल्याच एका मराठी सुभेदारांची, त्यामुळे लग्न इथेच ठरलं. रविवारी संध्याकाळी हळद, सोमवारी लग्न. आमच्याकडे हळद लागताना नवरदेवाच्या हातात ही कट्यार हवी, तिच्या टोकाला लिंबू खुपसलेलं हवं. त्याशिवाय आमच्या घरात आजवर एकालाही हळद लागलेली नाही. सुभेदारांना मी साखरपुड्यातच सगळं सांगून ठेवलं होतं. ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "विहीणबाई, त्या कट्यारीला मी सॅल्यूट करणार."

कट्यार सांभाळायचा मान आमच्याकडे घरातल्या आत्याचा. म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा, अक्कांचा. नियम कडक आहे: देवघरातून निघालेली कट्यार नवरदेवाच्या हाती पडेपर्यंत आत्याने खाली टेकवायची नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. अक्का गावाहून दिल्लीपर्यंत ती मांडीवर घेऊन बसून आल्या. गाडीत झोपल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्यांना झोपू द्यायला हवं होतं. पण मंगळवारची त्यांची परतीची गाडी होती, सोमवारी लग्न होतं, आणि सोमवारी दिल्लीतली म्युझियमं बंद असतात. उरला रविवार.

"काकू, आज राहू दे ना," सागर म्हणाला. "पाचला हळद आहे."

"दुपारी परत येऊ. तुझी आत्या दिल्लीला येऊन म्युझियम न बघता जाणार? चलो."

मग आम्ही चौघं निघालो. मी, हे, अक्का, आणि गाडी चालवायला खुद्द नवरदेव. अक्कांच्या छातीशी कापडी पिशवी. म्युझियमचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे.

दारात बॅगा तपासायचं मशीन होतं. गार्ड म्हणाला, "माताजी, बॅग इसमें रखिए."

"न्हाय ठेवणार," अक्का म्हणाल्या. "खाली टेकवायची नसती."

"इसमें है क्या?"

"कट्यार."

गार्ड बिचारा चांगला होता. तो म्हणाला, "चाकू-छुरी अंदर नहीं जाएगी माताजी. उधर जमा करके टोकन ले लीजिए." सागर लगेच म्हणाला की मी पिशवी आणि आत्या, दोघांना घेऊन बाहेर उन्हात बसतो, तुम्ही बघून या. सगळं तिथेच मिटलं होतं. पण "चाकू" हा शब्द माझ्या डोक्यात गेला.

"भैया," मी म्हटलं, "आप इसको चाकू बोल रहे हैं? ये पानिपत की कटार है. सत्रह सौ इकसठ. ढाई सौ साल से हमारे घर में है."

गार्डने हात मागे घेतला. "ढाई सौ साल?"

"ऊपर से."

त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं आणि आम्हाला बाजूच्या खोलीत नेऊन खुर्च्या दिल्या. पाणी आलं. मला वाटलं, मान देतायत. सुपरवायझर आले, त्यांना मी सगळं पुन्हा सांगितलं. मग त्यांचे साहेब आले, त्यांना आणखी नीट सांगितलं. (तिसऱ्या खेपेला आमचे पूर्वज घोड्यावर होते.) साहेबांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहुत अच्छा. इसके कागज़?"

"कसले कागज?" मी एकदम मराठीत आले.

साहेबांचं म्हणणं असं, की शंभर वर्षांहून जुनी चीज असेल तर नोंद लागते, आणि आम्ही बिनकागदाची ऐतिहासिक कट्यार पिशवीत घालून शहरभर फिरतोय. ती इथेच राहील. शस्त्रांच्या तज्ज्ञ मॅडम बघतील आणि ठरवतील. मॅडम आज आल्यात, पण फोन उचलत नाहीत. नाही भेटल्या तर मंगळवारी या. कल सोमवार है, म्युझियम बंद.

"काय म्हणतोय ह्यो?" अक्कांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंगळवारी? मंगळवारी काय सत्यनारायणाला धरायची पोरानं?" अक्कांनी पिशवी आणखी घट्ट धरली. "हळद आज हाय. कट्यार न्हाय तर हळद न्हाय, आन् हळद न्हाय तर लगीन न्हाय."

सागर हळूच म्हणाला, "काकू, युनिटला फोन गेला तर संपलोच मी. हत्यार घेऊन म्युझियममध्ये शिरला म्हणतील."

पाहुण्यांना थापा मारणं वेगळं आणि पोराचं लग्न मोडणं वेगळं. मी ताबडतोब पानिपतावरून माघार घेतली. "सर, वो मैं ऐसे ही बोल गई. बाज़ार की है. मामूली है."

साहेब गोड हसले. "मॅडम, पहले सब पानिपत बोलते हैं. कागज़ माँगो तो सब बाज़ार बोलते हैं."

आता ह्यांना वाटलं की आपण काहीतरी करायला हवं. आमचे हे घरात सहसा बोलत नाहीत. त्यांना तशी संधी मिळत नाही असं ते म्हणतात. ते उठले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "सर, मेरी मिसेस को बढ़ा-चढ़ाकर बोलने की आदत है. लेकिन मेरे पिताजी झूठ नहीं बोलते थे. उस पर तो खून के दाग भी हैं."

गार्ड एक पाऊल मागे सरकला.

"किसका खून?" गार्डने विचारलं.

हे विचारात पडले. "अब वो तो... काफी लोगों का होगा."

सागरने डोकं धरलं. हळद लागायच्या आधीच पोरगा पिवळा पडला होता. साहेब खिशातून मोबाइल काढायला लागले, तेवढ्यात मॅडम आल्या. सुती साडी, केसांत पेन्सिल, हातांत पांढरे हातमोजे. त्या अक्कांसमोर वाकून म्हणाल्या, "माताजी, ज़रा दिखाइए."

अक्कांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग सागरकडे. तो मान खाली घालून बसला होता. ह्या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. अक्का उभ्या राहिल्या.

"सुनंदे, सांग त्या बाईला. ती नाटकातली हाय."

"अक्का," मी कुजबुजले, "आता खोटं बोलून काही उपयोग नाही."

"खोटं तू बोलतीस. म्या आजपतुर फकस्त गप बसली."

आणि अक्कांनी सांगितलं. आमचे आजेसासरे गावच्या जत्रेतल्या नाटकात सरदाराचं काम करायचे. नाटक पानिपतावरचं. पुढे ते बंद पडलं तेव्हा सामानाच्या पेटीतली कट्यार त्यांनी घरी आणली आणि देवघरात ठेवली. अप्पा तेव्हा लहान होते. त्यांनी बापाला त्याच कट्यारीने लढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे पानिपतावर लढली हे अगदी खरं. दर जत्रेला लढायची.

"हे तुला कुणी सांगितलं?" ह्यांनी विचारलं.

"आजीनं. कट्यार माझ्याकडं देताना कानात सांगितलं. आरं, आत्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय, ते उगीच व्हय? दुसऱ्याच्या हातात गेली की कळंल ना वजनावरनं. नवरदेवाचं सोड, हळदीत त्येला कुठली वजनाची शुद्ध."

"आणि ते... रक्त?"

"लिंबाचा रस हाय त्यो. दर लग्नात टोकाला लिंबू खुपसतो, रस उतरतो, गंज चढतो. रगत कसलं डोंबलाचं."

मी हे सगळं हिंदीत सांगितलं. साहेब बोटांवर मोजत म्हणाले, "पहले पानिपत, फिर बाज़ार, अब नाटक."

अक्कांना हिंदी येत नसलं तरी सूर कळला. त्यांनी पिशवीत हात घालून संध्याकाळच्या हळदीसाठी आणलेलं लिंबू काढलं. मग लाल फडकं सोडलं, कट्यार उघडी केली आणि सगळ्यांच्या देखत टोक लिंबावर दाबलं. लिंबाला काही झालं नाही. अक्कांनी जोर लावला. कट्यारीचं टोक नम्रपणे डावीकडे वळलं, आणि लिंबू उडून टेबलाखाली गेलं. गार्डने ते वाकून आणून दिलं.

"दर लग्नाला म्या आधी सुरीनं भोक पाडती," अक्का म्हणाल्या. "कोपऱ्यात जाऊन."

मॅडमनी कट्यार हातात घेतली, मुठीवर नखाने टकटक केलं, पातं उजेडात धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाई हसत होत्या. "लकड़ी पर टीन का पत्रा है," त्या साहेबांना म्हणाल्या. "सौ साल की तो बिल्कुल नहीं है. जाने दीजिए इनको."

आमची पिढीजात कट्यार पत्र्याची निघाली, आणि आम्ही चौघं एकमेकांच्या गळ्यात पडलो. खोटं सांगत नाही, क्वार्टर मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. सागर तर मॅडमच्या पाया पडला. ह्यांनी डोळे पुसले. बापाने खरं सांगितलं होतं ह्याचा आनंद की रक्त लिंबाचं निघालं ह्याचं दुःख, ते मी विचारलं नाही. मॅडमनी डावीकडे वळलेलं टोक दोन बोटांनी सरळ करून दिलं आणि अक्कांना म्हणाल्या, "संभालकर रखिए माताजी. सौ साल पूरे हो जाएँ तो ज़रूर ले आइए."

म्युझियम बघायचं राहिलंच. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. गाडीत बसल्यावर अक्का लहान मुलीसारख्या झोपल्या, कँट येईपर्यंत.

हळदीआधी त्यांनी मला कँटमधल्या लग्नाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात खुणेनं बोलावलं. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात सुरी. "आडवी उभी राहा जरा." मी पदर पसरून उभी राहिले, त्यांनी भोक पाडलं. इतक्या वर्षांत अक्कांनी मला पहिल्यांदाच कुठल्या मानाच्या कामात घेतलं होतं, आणि मला खरंच भरून आलं.

सागर पाटावर बसला. हातात कट्यार, टोकाला लिंबू. हळद लागायला सुरुवात झाली आणि सुभेदार पुढे आले. टाचा जोडल्या आणि कट्यारीला कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्यामागे युनिटातले आणखी चारपाच जण उभे होते, त्यांनीही ठोकला. मग सुभेदार माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, हीच ना ती?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. हे छताकडे बघत होते. सागर डोळ्यांनी हात जोडत होता. तोंडातून पानिपत निघू नये म्हणून मी जीभ चावली, आणि मग मला सापडलं काय बोलायचं ते.

"काय सांगू सुभेदारसाहेब," मी म्हटलं, "आजच म्युझियममध्ये घेऊन गेलो होतो. ते लोक सोडायलाच तयार नव्हते."

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. आणि दिल्लीत आल्यापासून इतिहासाबद्दल मी बोललेलं हे पहिलंच वाक्य, जे अक्षरन् अक्षर खरं होतं.