जाळीवरचा नवरदेव

राजुऱ्याच्या नाक्यावर परवा एका गॅरेजात इंजिनातलं काळं, कढत तेल घमेल्यात गळत होतं. तो करपट वास नाकात शिरला आणि मी रस्त्यातच घुटमळलो. लोकांना आपलं लग्न मोगऱ्याच्या नाहीतर हळदीच्या वासाने आठवतं. मला या वासाने आठवतं, त्याला इलाज नाही.

वरात नवरीच्या गावी, जिवतीला निघाली होती. जीप मामाची, जुनी, आणि चालवायलाही मामाच. मित्रांनी माझ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स तिच्या तोंडावरच्या जाळीवर करकचून बांधला होता. वाटेवरची माणसं आधी ते अवाढव्य थोबाड बघत आणि मग आत बसलेला मी दिसलो की काहीशी निराश होत. अर्धा घाट चढलो आणि मामासमोरचा लाल दिवा लागला. तेलाचा दाब उतरला होता. मामाने बॉनेट उघडलं, इंजिनाकडे गंभीरपणे पाहिलं आणि बॉनेट मिटलं. मुहूर्ताला तासच उरला होता. मी निमूटपणे सासरी फोन लावला.

मदतीला ट्रॅक्टर आला. चालवत होती खुद्द नवरी, हातांवर ओली हळद. "बाबा मांडवात गुंतले, अन भाऊले यातलं समजत नाई," एवढंच म्हणाली. तिने एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विळ्याने दोऱ्या कापल्या.

"तेलालेही वारा लागते, मामाजी. इंजिनात फिरून तापते अन या जाळीमागच्या नळ्यांत येऊन निवते. तुमी तर या नळ्याईचं तोंडच बांधून टाकलं."

मग बॉनेट उघडून तिने तेल मोजायची दांडी काढली आणि तिच्यावरचं तेल बोटांवर चोळलं. "कधी बदललं?"

"परवाच," मामा म्हणाला.

"अन फिल्टर?"

मामा दूरच्या सागाकडे पाहू लागला. "तो चांगला दिसून राह्यला होता."

"कचरा त्याच्या पोटात राह्यते. बाहेरून कसा दिसन?"

तेल निवेपर्यंत गाडी सुरू करायची नाही, असा हुकूम सुटला. मामा फुगून वऱ्हाड्यांत जाऊन बसला. आम्ही दोघं एका धोंड्यावर टेकलो.

"तुमाले गाडी येते?" तिने विचारलं.

"नाई."

"शिकून घ्या."

"शिकवाल?"

ती खाली बघून हसली. माझ्या छातीतला दाब तेव्हा कुठे जागेवर आला.

तेल निवल्यावर जीप हळूहळू ट्रॅक्टरमागे निघाली, पण मुहूर्त टळला तो टळलाच. नवरा आणि नवरी एकाच रस्त्याने, एकामागोमाग मांडवात आल्यामुळे ओवाळायला उभ्या असलेल्या बायका मात्र पार गोंधळून गेल्या.

आता तो घाट रुंद झाला आहे. गाड्या भरकन चढून जातात. लग्नाआधी आम्ही बोललो ते तेवढंच. पुढे इतकी वर्षं एका घरात काढली, पण दोघांनाही जायची घाई आहे आणि तरी जाता येत नाही, असं निवांत बसणं पुन्हा काही वाट्याला आलं नाही.