पाठीनं पाहिलेला समुद्र

"भेव ठेवा जरासं," हे भाऊंचं सहलीतलं पहिलं वाक्य असे. माणसं देवाला नमस्कार करून, चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन खुशीत बसलेली, आणि हे गाडीत उभे राहून त्यांना घाबरायला सांगत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, लग्नघरात जेवणाआधी विजेच्या वायरी तपासणारा.

भाऊ अकोल्याच्या जठारपेठेतून सहली काढायचे. लहानसं ऑफिस, त्यात एका टेबलावर ते आणि दुसऱ्यावर तिकिटं काढणारी आणि सहलीत सोबत जाणारी मी. वऱ्हाडातली मंडळी ते आधी कोलकात्याला नेत, तिथलं शहर दाखवत आणि मग विमानानं अंदमानला. स्वतः मात्र गावातल्या मोर्णा नदीच्या पुलावरून चालतानाही खाली बघत नसत. पोहता येत नाही, पाण्याची धास्ती, मग बेटांच्या सहली कशाला काढता, असं मी एकदा विचारलं होतं.

"लोकाईले पाहाचं असते ना, ताई," ते म्हणाले. "माह्या भेवापायी त्याइनं काहून थांबाव?"

त्यांची एक पद्धत होती. गाडी हलण्याआधी ते प्रत्येकाची जोडी लावून देत. नवरा-बायकोची कधीच नाही, कारण ती दोघं एकमेकांकडे बघतच नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं. अमरावतीचे वकीलसाहेब आणि नांदगाव खंडेश्वरच्या आजी, अशी जोडी लागे, आणि पहिल्या दिवशी नाक मुरडणारे वकीलसाहेब तिसऱ्या दिवशी आजींची पिशवी धरून चालत. कुठूनही निघताना भाऊ "जोडी पाहा" म्हणत. ज्यानं त्यानं आपला माणूस शोधायचा आणि "हाव", म्हणजे हो, म्हणायचं. डोकी मोजायला ते तयार नसत. मोजणारा चुकतो, जोडी चुकत नाही, म्हणत.

आणखी एक गंमत सांगते. भाऊंनी निम्मा देश पाठीनं पाहिला. हावडा पुलापाशी आम्ही माना वर करून उभे, तर हे पुलाकडे पाठ करून आमच्याकडे बघत. संग्रहालयात तेच, किनाऱ्यावर तेच. समुद्र कसा वाटला, असं विचारलं तर म्हणत, लाट आली की तुमची तोंडं बदलतात, त्यावरून समजतं.

वकीलसाहेब आणि आजींची जोडी होती त्या वर्षी अंदमानातल्या एका लहान बेटावर गेलो होतो. तिथे मुक्कामाला परवानगी नाही, दुपारी शेवटची बोट. अचानक आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि बोटवाला घाई करू लागला. तेवढ्यात आजींच्या लक्षात आलं की शहाळ्याची मलई खाल्ल्यावर कवळी धुवायला काढली, ती नळापाशीच राहिली. भाऊ म्हणाले, तुम्ही बसा, मी आणतो. आणि झाडांमागे गेले.

बोटवाला त्यांच्या नेहमीच्या ओळखीचा, पद्धत त्याला पाठ. त्यानंच हाळी दिली, "जोडी देखो." प्रत्येकानं आपापली जोडी पाहिली. सगळीकडून "हाव" आलं आणि बोट सुटली. भाऊंची पद्धत त्यांच्या माघारीही बिनचूक चालली. फक्त सगळ्यांच्या जोड्या लावणाऱ्या त्या माणसाची जोडी कोणाशीच नव्हती.

"माही कवळी आनाले गेलेले भाऊ कुठी हायेत?" आजींनी विचारलं तेव्हा बेट बरंच मागे पडलं होतं.

लाटा काठावरून आत येत होत्या, बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या. बोटवाला म्हणाला, आता वळवली तर सगळेच जातील. भाऊंची बॅग माझ्या पायाशी होती. त्यात त्यांच्या साखरेच्या गोळ्या होत्या, पाणी होतं, फोनही होता. तो माणूस तिथे हात हलवत पाण्यात उतरला तर नसेल ना, एवढंच माझ्या मनात येत होतं. मला देव आठवेना, काही आठवेना.

धक्क्यावर उतरलो पण कोणी हॉटेलकडे हललं नाही. पोलिसांची मोठी बोट वाऱ्याचा जोर उतरल्यावर निघाली. वकीलसाहेब आजींचा हात धरून उभे होते आणि आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, की दात नसते तरी चाललं असतं. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही. मी पाण्याकडे बघत राहिले. इतकं भ्यायला मला भाऊंनीही कधी शिकवलं नव्हतं.

अंधारून येता येता बोट आली. भाऊ ओलेचिंब होते. आधी त्यांनी आजींच्या हातात रुमालात बांधलेली कवळी दिली. मग विचारलं, "जोड्या पुऱ्या हायेत?"

कोणाच्यानं "हाव" म्हणवेना.

मी त्यांना बाकावर बसवलं, गोड चहा पाजला. चहा संपल्यावर ते हळू म्हणाले, "समुद्र लय मोठा असते वो, ताई. त्याच्याकडे पाठ करून पाहाले कोनी नव्हतं, तं त्यालेच पाहा लागलं." मी तिथेच सांगून टाकलं, की यापुढे तुमची जोडी मी. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही.

पुढे आम्ही बऱ्याच सहली केल्या. निघताना ते माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे, आणि दोघांचं "हाव" सगळ्यांत शेवटी येई. मग त्यांचं हृदय दगा देऊ लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात आत नेताना नर्सनं विचारलं, पेशंटसोबत कोण आहे. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. मी हात वर केला. स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "ताई, आता तुमाले दुसरी जोडी पाहा लागीन."

सहली मीच नेते आता. या खेपेला त्याच बेटावरून निघताना बोटवाल्यानं हाळी दिली. सगळीकडून "हाव" आलं. तो माझ्याकडे बघत थांबला. मी "चला" म्हटलं आणि समुद्राकडे पाठ करून बसले. ती नळापुढची झाडं दिसेनाशी होईपर्यंत मी नजर हलवली नाही.